कॉन्कॉर्ड परत हवं, पण कोणाच्या डोक्यावरून?

24 ऑक्टोबर 2003 रोजी ब्रिटिश एअरवेजची तीन कॉन्कॉर्ड विमानं हीथ्रोवर पाठोपाठ उतरली आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाने प्रवासी नेण्याचा सत्तावीस वर्षांचा व्यवहार संपला. तेव्हापासून एक तक्रार कायम ऐकू येते: आजोबा लंडनहून न्यूयॉर्कला साडेतीन तासांत पोचायचे, नातवाला सात-आठ तास लागतात, म्हणजे आपण मागे गेलो. या हळहळीच्या पोटात एक आरोपही असतो. कोणीतरी घाबरलं, अमेरिका मत्सराने जळली, हिशेबनिसांनी घात केला. 2025 मध्ये तर या हळहळीला सरकारी बळ मिळालं. 6 जूनला अमेरिकेच्या अध्यक्षांनी तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाला आदेश दिला, की देशाच्या भूमीवरून ध्वनीपेक्षा वेगाने नागरी विमान उडवण्यावर 1973 पासून असलेली बंदी काढून टाका.

तेव्हा हा आता निव्वळ आठवणींचा विषय उरलेला नाही. आमचं मत सरळ आहे. कॉन्कॉर्ड हे यंत्र म्हणून विसाव्या शतकातल्या सर्वोत्तम कामांपैकी एक होतं. प्रवासी सेवा म्हणून ते पहिल्या दिवसापासून आतबट्ट्याचं होतं. आणि ज्या बंदीला शिव्या दिल्या जातात ती त्या सगळ्या प्रकरणातली शहाणपणाची गोष्ट होती. तिची मोजपट्टी बदलायला हरकत नाही, हेतू बदलू नये.

आधी वजनाचा हिशेब मांडू, कारण बाकीचं सगळं त्यातून निघतं. उड्डाणाच्या वेळी कॉन्कॉर्डचं कमाल वजन सुमारे 185 टन. खुर्च्या, कर्मचारी वगैरे धरून पण इंधन आणि प्रवासी वगळून विमान सुमारे 79 टन. टाक्या काठोकाठ भरल्या की इंधन सुमारे 95 टन. बेरीज झाली 174. उरले 11 टन. शंभर प्रवासी सामानासकट माणशी शंभर किलो धरले की दहा टन तिथेच गेले. म्हणजे निम्म्याहून जास्त वजन इंधनाचं आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप त्यांचं वजन सहा टक्क्यांच्या आसपास. अशा यंत्रात इंधनाचा अंदाज एका टक्क्याने चुकला तर साडेनऊशे किलो जास्त लागतात, म्हणजे नऊ-दहा प्रवाशांची जागा. साध्या जेट विमानात एक टक्का ही चिल्लर असते. इथे तो नफा-तोट्याची रेघ ओलांडायला पुरेसा होता.

इतकं इंधन का लागायचं? पंखांनी दिलेली उचल आणि हवेचा अडथळा यांचं गुणोत्तर मॅक 2 ला, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाला, कॉन्कॉर्डच्या बाबतीत साडेसातच्या आसपास होतं. बोइंग 747 साठी तेच सतराच्या घरात. ध्वनीच्या पुढे गेलं की विमानासमोरची हवा बाजूला सरकायला वेळच मिळत नाही, दाबाच्या लाटा साचतात आणि त्या ढकलत न्यायला जास्तीची शक्ती लागते. ही कोणाच्या हलगर्जीपणाने आलेली उणीव नाही. पंख कितीही पातळ करा, धड कितीही निमुळतं करा, हा लाटांचा कर भरावाच लागतो. अटलांटिक ओलांडताना भरलेल्या कॉन्कॉर्डमध्ये माणशी पाऊण ते एक टन इंधन जळायचं.

त्यात आणखी एक गोम होती. हळू उडूनही बचत व्हायची नाही. त्रिकोणी पंख आणि मॅक 2 साठी जुळवलेली इंजिनं ध्वनीखालच्या वेगात मैलामागे तेवढंच, कधी थोडं जास्तच, इंधन पीत. म्हणून वाटेत जमीन आली की वेळही जायचा आणि इंधनही. हीथ्रोवर गर्दीमुळे आकाशात घिरट्या घालायची वेळ आली तर वैमानिकांच्या कपाळावर आठ्या पडत, त्या यामुळेच.

हे सगळं मान्य करून मग यंत्राकडे पाहिलं की मात्र थक्क व्हायला होतं, आणि हळहळणाऱ्यांनी खरं तर याबद्दल जास्त बोलायला हवं. कॉन्कॉर्डच्या ऑलिंपस 593 इंजिनाला ध्वनीपेक्षा वेगवान हवा चालत नाही. चकतीवरच्या पात्यांना ती निम्म्या मॅकच्या आसपास मंदावलेली हवी. बाहेर हवा मॅक 2 ने येते आणि तिला साधारण साडेतीन मीटर लांबीच्या बोगद्यात मंद करायची, तीही दाब वाया न घालवता. बोगद्याच्या छतात हलत्या फळ्या बसवल्या होत्या. त्या पुढच्या कडेपासून एकामागून एक आघात-लाटा नेमक्या जागी उभ्या करत आणि प्रत्येक लाट ओलांडताना हवा थोडी मंद, थोडी दाट होई. फळी जरा चुकली की लाट बाहेर फेकली जाई, इंजिनाला ठसका लागे आणि शेजारचं इंजिन त्याच जोड-खोक्यात असल्याने तेही बहुधा त्यात ओढलं जाई. विमानात धडाधड हादरे बसत. हे टाळायला फळ्यांचं नियंत्रण अंकीय संगणकांकडे दिलं होतं, सत्तरच्या दशकात, प्रवासी विमानात! सम वेगाने उडताना मिळणाऱ्या एकूण रेट्यातला जवळपास दोन तृतीयांश वाटा या बोगद्यातल्या दाबाचा मानला जातो. खुद्द इंजिनाच्या अंगाला येणारा वाटा दहा टक्क्यांच्याही आत. रीहीट, म्हणजे मागच्या नळकांड्यात जादा इंधन पेटवणं, फक्त उड्डाणाला आणि मॅक 0.95 ते 1.7 हा चढ पार करायला लागे. नंतर ते बंद करून विमान कोरड्या इंजिनांवर मॅक 2 गाठी आणि तासन् तास टिकवी. त्या काळच्या बहुतेक लढाऊ विमानांना हे जमत नव्हतं.

तोल सांभाळायची युक्तीही तशीच. वेग वाढला की उचलीचा मध्य मागे सरकतो आणि विमान नाक खाली घालू पाहतं. मागची पाती वाकवून ते सावरायचं तर अडथळा वाढतो. म्हणून सुमारे वीस टन इंधनच पुढच्या टाक्यांतून शेपटीतल्या टाकीत पंपाने ढकलत आणि उतरताना पुन्हा पुढे आणत. हे काम फ्लाइट इंजिनिअरचं. आणि उष्णता: नाकाच्या टोकाला 127 अंश सेल्सिअस ही मर्यादा, ती आली की वेग कमी करायचा, कारण सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता आणि त्याहून जास्त ताप त्याला वर्षानुवर्षं सोसला नसता. तापल्यावर धड पंधरा ते पंचवीस सेंटिमीटर लांब व्हायचं. फ्लाइट इंजिनिअरच्या पॅनेलशेजारी तेवढ्यापुरती फट पडायची आणि शेवटच्या उड्डाणांत काहींनी आपली टोपी त्या फटीत सारून ठेवली. विमान थंड झालं, फट मिटली, टोपी आत अडकली.

आता याच रचनेची दुसरी बाजू. शेपटीला आडवे पंख नसलेल्या त्रिकोणी पंखाला फ्लॅप, म्हणजे कमी वेगात उचल वाढवणाऱ्या मागच्या झडपा, लावता येत नाहीत, कारण त्यांनी खाली दबणारं नाक वर धरायला मागे काहीच नसतं. मग कमी वेगात उचल मिळवायची तर नाक बरंच वर करून पंखावर भोवरे तयार करावे लागतात. नाक वर केलं की वैमानिकाला धावपट्टी दिसत नाही, म्हणून ते प्रसिद्ध झुकणारं नाक, उड्डाणाला 5 अंश आणि उतरताना साडेबारा. आणि एवढं करूनही जमीन सोडायचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वर. 185 टन, आठ मुख्य चाकं, इतका वेग. टायर फुटणारच. फुटले की तुकडे वर उडणार, आणि वर काय? इंधनाने भरलेला पंख.

25 जुलै 2000 ला पॅरिसजवळ गोनेस इथे एअर फ्रान्सचं कॉन्कॉर्ड कोसळून 113 माणसं मेली, त्यातली चार जमिनीवरची. आधी उडालेल्या डीसी-10 विमानातून पडलेल्या टायटॅनियमच्या पट्टीने टायर चिरला, साडेचार किलोंचा तुकडा पंखाच्या पोटावर आपटला आणि इंधनात उठलेल्या दाबाच्या लाटेने टाकी फुटली. या अपघाताला 'दुर्दैवी योगायोग' म्हणायची पद्धत पडली आहे. पट्टी योगायोगाने पडली हे खरं. पण 1976 पासून टायर फुटण्या-बसण्याच्या 57 घटना नोंदलेल्या होत्या आणि त्यांतल्या सहांमध्ये टाकीला भोक पडलं होतं. टाक्यांना केवलार या चिवट तंतूचं अस्तर आणि मिशेलिनचे नवे टायर 2001 मध्ये बसवता आले, तर ते विसाव्या वर्षी का नाही बसवले, हा प्रश्न हळहळीच्या लेखांत सापडत नाही. चौदा विमानांचा ताफा असला की असं होतं. हजारो विमानं रोज उडत असतील तर दोष लवकर पुन्हा पुन्हा दिसतो आणि दुरुस्तीचा खर्च पुष्कळांत वाटला जातो. इथे प्रत्येक सुधारणा हातावर मोजण्याइतक्या विमानांसाठी.

'अमेरिकेने मारलं' या समजुतीला तारखा पुरेशा आहेत. मार्च 1971 मध्ये अमेरिकी सिनेटने स्वतःच्याच देशाच्या बोइंग 2707 या ध्वनिवेगाहून वेगवान विमानाचा निधी तोडला. 31 जानेवारी 1973 ला पॅन ॲम आणि टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपन्यांनी कॉन्कॉर्ड खरेदीचे आपले राखीव हक्क सोडून दिले. जमिनीवरची बंदी लागू झाली एप्रिलमध्ये. तेलाचा भडका उडाला ऑक्टोबरमध्ये. म्हणजे गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली ती बंदी आणि तेलटंचाई या दोन्हींच्या आधी, आणि तीही वर मांडलेला 11 टनांचा हिशेब पाहून. न्यूयॉर्कच्या विमानतळ प्राधिकरणाने विरोध केला हे खरं, पण ऑक्टोबर 1977 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉन्कॉर्डची वाट मोकळी केली आणि नोव्हेंबरात सेवा सुरू झाली. ब्रिटन आणि फ्रान्सने 1962 च्या करारात बाहेर पडायचं कलमच ठेवलं नव्हतं, म्हणून प्रकल्प जगला. नाहीतर 1964 मध्ये आलेलं मजूर पक्षाचं सरकार तो गुंडाळायलाच निघालं होतं. 15 ते 17 कोटी पौंडांचा मूळ अंदाज शंभर कोटींच्या पुढे गेला. 1984 मध्ये ब्रिटिश एअरवेजने विमानं आणि सुटे भाग मिळून सरकारकडून एक कोटी 65 लाख पौंडांत घेतले. त्यानंतर झालेल्या नफ्याचं कौतुक करताना ही खरेदीची किंमत विसरायची नाही. परतीचं तिकीट शेवटी सहा हजार पौंडांच्या वर होतं आणि ते काढणाऱ्याच्या प्रवासाला आधीच हातभार लावून बसला होता तो विमानात कधीही न चढलेला करदाता.

2003 मध्ये व्हर्जिन विमान कंपनीचे रिचर्ड ब्रॅन्सन यांनी विमानामागे एक पौंड देऊ केला, तो नाकारला म्हणून अजून चिडचिड होते. पण विमान विकत घेणं आणि उडवणं यात फरक आहे. सुटे भाग, तडे तपासायच्या पद्धती, बदलांची मंजुरी हे सगळं उत्पादकाच्या जबाबदारीवर चालतं. ती जबाबदारी वारशाने एअरबसकडे आली होती. कॉन्कॉर्ड उडवणारी दुसरी कंपनी, एअर फ्रान्स, बाहेर पडल्यावर त्या आधाराचा खर्च उरलेल्या एकाच कंपनीवर पडणार होता आणि एअरबसने तो आधारच काढून घेतला. 'निदान एक तरी उडतं ठेवा' ही मागणी तिथेच संपते. पॅरिसजवळच्या ल बूर्जेच्या संग्रहालयातल्या विमानाचं नाक अजून हलवून दाखवता येतं, तेवढ्यावर समाधान मानावं.

आपल्याकडचा धागाही याच गाठीत आहे. एअर इंडियाने साठच्या दशकात दोन कॉन्कॉर्डवर हक्क राखून ठेवला होता आणि जून 1972 च्या जाहिरात-दौऱ्यात विमान मुंबईत येऊनही गेलं. मुंबई–लंडन हे अंतर सुमारे 7,200 किलोमीटर, म्हणजे भरलेल्या कॉन्कॉर्डच्या आवाक्याच्या काठावर किंवा बाहेर. मध्ये इराण किंवा अरबस्तान, तुर्कस्तान आणि अख्खा युरोप. बहरीनला इंधन घ्यायचं, युरोपवरून ध्वनीखाली जायचं, आणि ध्वनीखाली जातानाही इंधनाची बचत नाही. दोन विमानं घेतली नाहीत हे एअर इंडियाचं नशीब. पुढे डिसेंबर 1977 मध्ये लंडन–बहरीन–सिंगापूर मार्ग सुरू झाला तेव्हा मलेशियाने आवाजावरून हरकत घेतली आणि भारताने आपल्या हद्दीत ध्वनीपेक्षा वेगाने उडू दिलं नाही. 1980 मध्ये मार्ग बंद पडला. त्याला आडमुठेपणा म्हणणारे आजही भेटतात.

म्हणून सॉनिक बूमबद्दल, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगवान विमानाच्या धडाक्याबद्दल, नीट बोलू. पुष्कळांना वाटतं की 'ध्वनीची भिंत' फोडताना एकदाच धडाका होतो आणि मग शांतता. तसं नाही. विमान ध्वनीपेक्षा वेगात असेपर्यंत दाबाचा शंकू त्याच्यामागून जमिनीवरून सरपटत येत असतो आणि वाटेतल्या प्रत्येक माणसाला त्याच्या वाट्याचा दुहेरी धडाका ऐकू येतो. अठरा किलोमीटर उंचीवरून उडणाऱ्या विमानाखाली हा पट्टा साधारण ऐंशी किलोमीटर रुंद असतो. मुंबईहून पूर्वेकडे निघालेलं विमान या वेगाने नागपूरपर्यंतचे सातशे किलोमीटर कापेल तर छप्पन हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राचा जवळजवळ पाचवा भाग, त्याखाली येईल. आत बसलेले शंभर. खाली किती, ते जनगणनेत पाहा.

हा आवाज लोक सोसतील का, याची परीक्षा एकदा झाली आहे. 1964 मध्ये ओक्लाहोमा सिटीवर सहा महिन्यांत 1,253 धडाके मुद्दाम करण्यात आले, सगळे दिवसा. शहरातल्या दोन सर्वांत उंच इमारतींच्या 147 काचा पहिल्या चौदा आठवड्यांत गेल्या. शेवटी 27 टक्के लोकांनी सांगितलं की याची सवय होणं शक्य नाही. समर्थक उरलेल्या 73 टक्क्यांकडे बोट दाखवत. पण त्या 73 टक्क्यांना ठाऊक होतं की हा प्रयोग आहे, संपणार आहे, आणि रात्री झोप मोडणार नाही. एवढं असूनही चौथा हिस्सा 'नाही' म्हणत असेल तर कोणतंही उत्तरदायी सरकार दुसरा निर्णय घेऊ शकत नव्हतं.

यावर एक खरा प्रतिवाद आहे. प्रत्येक नवी सोय आधी श्रीमंतांना मिळते आणि मग स्वस्त होते. 1958 मध्ये जेट विमानही थोड्यांचंच होतं. बरोबर. पण जेटचं तिकीट स्वस्त झालं ते विमानं मोठी झाली आणि खुर्चीमागे इंधन घटत गेलं म्हणून. ध्वनीच्या पुढे धड जाड करता येत नाही, खुर्च्या वाढवता येत नाहीत आणि लाटांचा कर कमी होत नाही. बूम या अमेरिकी कंपनीचं नियोजित ओव्हर्चर विमान मॅक 1.7 ने साठ ते ऐंशी जणांना नेणार आहे. म्हणजे कॉन्कॉर्डहून हळू आणि कॉन्कॉर्डहून लहान. स्वस्त होण्याची ही दिशा नव्हे.

तंत्र पुढे गेलेलं नाही असं मात्र नाही. बूमचं चाचणी-विमान एक्सबी-1 28 जानेवारी 2025 ला ध्वनीच्या पुढे गेलं आणि जमिनीवर धडाका पोचला नाही. यातलं विज्ञान जुनं आहे: वरची हवा थंड, खालची उबदार, त्यामुळे खाली येणारी लाट वाकत जाते आणि वेग बेताचा असेल तर जमिनीला टेकण्याआधीच वर वळते. पण हे साधारण मॅक 1.1 ते 1.3 पर्यंतच, तेही त्या दिवशीच्या तापमानावर आणि वाऱ्यावर अवलंबून. नासाच्या एक्स-59 ने 28 ऑक्टोबर 2025 ला पहिलं उड्डाण केलं. तीस मीटर लांबीच्या या विमानाचा जवळपास तिसरा हिस्सा नुसतं नाक आहे, वैमानिकाला समोर खिडकी नाही, कॅमेऱ्यातून पाहायचं. लाटा एकत्र येऊन एक मोठा आघात होऊ नये, त्या विखुरलेल्याच जमिनीवर याव्यात यासाठी ही लांबी. खाली सुमारे 75 डेसिबलचा, गाडीचं दार लावल्यासारखा दणका ऐकू यावा असं उद्दिष्ट आहे. लोकवस्तीवरून उडवून लोकांना विचारायचं हा त्या प्रकल्पाचा मूळ बेत आहे. आमच्या मते तोच योग्य क्रम: आधी मोजा, मग विचारा, मग नियम. जून 2025 च्या आदेशाने बंदी काढण्याची घाई आधी केली.

बंदी वेगावर असण्यापेक्षा जमिनीवर पोचणाऱ्या आवाजावर असावी, हे आम्हाला पटतं. फक्त मोजमापात चलाखी नको. दिवसभराची सरासरी काढली तर दहा धडाके सहज विरघळून जातात. प्रत्येक धडाक्याची कमाल पातळी स्वतंत्र धरली पाहिजे. सम वेगातल्या आकड्यावर भागवूनही चालणार नाही, कारण वेग वाढवताना आणि वळताना लाटा एका पट्ट्यात केंद्रित होतात आणि तिथला आघात कित्येक पट मोठा असतो. तो पट्टा कुठे पडणार ते नकाशावर आधी दाखवावं. रात्रीचा नियम वेगळा आणि कडक. विमानतळाभोवतीच्या आवाजात सवलत शून्य. कॉन्कॉर्डचे वैमानिक उड्डाणानंतर मिनिट-सव्वा मिनिटात 'तीन, दोन, एक, नॉइज' असं मोजून रीहीट बंद करत, रेटा कमी करत. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर जमैका खाडीवरून तिरपं वळण घेत. तरीही शेजाऱ्यांची ओरड थांबली नाही.

भारतासमोर हा प्रश्न आला तर तो बहुधा अरबी समुद्राच्या रूपाने येईल, कारण पाण्यावरून हरकत नसते असं गृहीत धरलं जातं. मुंबई–दुबई सुमारे 1,930 किलोमीटर, आज तीन तासांचा प्रवास. चढणं, वेग वाढवणं, उतरणं यांत निम्मी वाट जाणार आणि वाचणार फार तर तासभर. त्यासाठी किनाऱ्यापासून किती सागरी मैलांवर वेग ध्वनीखाली आलाच पाहिजे, कोणत्या उंचीवर आणि कोणत्या मॅकला, हे परवान्यातच आकड्यांत लिहून घ्यावं लागेल. आणि ते अंतर ठरवताना किनारा म्हणजे फक्त वाळूची रेघ धरू नये. मासेमारीच्या हंगामात कोकणातल्या होड्या जिथवर जातात तिथपासून पुढे ते मोजावं.